टेक्सासमधला जर्मन इतिहास दोन दिवसात नीट कसा बघायचा (फक्त मेन स्ट्रीट फिरून यायचं नसेल तर)

ऑस्टिन, सॅन अँटोनियो, ह्यूस्टनकडच्या मराठी मंडळींचं फ्रेडरिक्सबर्ग ठरलेलं असतं. भारतातून आई-बाबा आले की एक वीकेंड तिकडे जायचं, मेन स्ट्रीटवर चक्कर मारायची, प्रेट्झेल खायचं, जॅमच्या बाटल्या घ्यायच्या, सीझन असेल तर पीचेसची पेटी गाडीत टाकायची आणि "जर्मन गाव बघितलं" म्हणून परत यायचं. मजा येते, नाही असं नाही. पण तिथे जे जर्मन म्हणून डोळ्यात भरतं त्यातलं बरंचसं टुरिस्टसाठी मांडलेलं असतं. ते चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या, पिसाच्या टोप्या वगैरे बव्हेरियाकडचं, आणि इथे आलेले लोक मुख्यतः नासाऊ, हेसे, हॅनोव्हर, ब्राउनश्वाइग या भागातले. त्यांचा त्या चड्ड्यांशी संबंध किती ते तुम्हीच बघा.

खरा इतिहास तिथेच आहे, फक्त तो बघायचा क्रम उलटा पडतो. सगळे फ्रेडरिक्सबर्गपासून सुरू करतात. माझं म्हणणं असं की ते लोक ज्या क्रमाने आले त्या क्रमाने जा, म्हणजे आधी किनारा, मग न्यू ब्राउनफेल्स, मग फ्रेडरिक्सबर्ग आणि शेवटी कम्फर्ट. असं का, तर यातलं प्रत्येक ठिकाण आधीच्या ठिकाणी जे बिघडलं त्यातून उभं राहिलंय, आणि मधनंच घुसलात तर काहीच कळत नाही, सगळं नुसतं गोड गोड दगडी घरांचं गाव वाटतं.

निघायच्या आधी घरी अर्धा तास

किनाऱ्यावर प्रत्यक्ष जायची गरज नाही. जर्मन जहाजं जिथे लागली ते कार्लशाफेन, म्हणजे नंतरचं इंडियनोला, १८७५ आणि १८८६ च्या वादळांनी पुसून टाकलं. तिथे आता फलक, स्मारक आणि समुद्र, एवढंच. मुलांना घेऊन तीन-चार तास ड्राइव्ह करून गेलात तर शिव्या खाल. त्यामुळे हा भाग घरी चहा पिताना वाचून घ्या, किंवा गाडीत जो ड्राइव्ह करत नाही त्याने मोठ्याने वाचा.

गोष्ट थोडक्यात अशी. पहिला मोठा धागा फ्रीडरिश अर्न्स्ट. ओल्डेनबर्गमध्ये पोस्टात कारकून होता, तिथे पैशाच्या भानगडीचा आरोप आला तसा बायकापोरं घेऊन पळाला, नाव बदललं आणि १८३१ मध्ये टेक्सासात, जे तेव्हा मेक्सिकोत होतं, जमीन मिळवली. ४४०० एकरांच्या वर. या माणसाने गावाकडच्या मित्राला लांबलचक पत्र लिहिलं की इथे जमीन मुबलक, हवा छान, कर नाममात्र, या. ते पत्र तिकडे पेपरात छापून आलं आणि लोक निघाले. अमेरिकेत गेलेल्या चुलतभावाचे फोटो बघून गावातली निम्मी पोरं फॉर्म भरतात ना, तसंच हे, फक्त १८३२ साली.

दुसरा धागा मोठा आणि जास्त गोंधळाचा. १८४२ मध्ये ऱ्हाइन काठच्या बीब्रिशला काही सरदार-राजपुत्र जमले आणि त्यांनी टेक्सासात जर्मन वसाहती वसवायची एक संस्था काढली. तिला सगळे आडेल्सफराइन म्हणतात, म्हणजे सरदार मंडळींची सोसायटी. करार काय होता ते नीट लक्षात ठेवा, पुढे दोन दिवस उपयोगी पडेल: एकट्या माणसाने ठराविक रक्कम भरायची आणि त्याला १६० एकर, कुटुंबाने दुप्पट भरायची आणि त्यांना ३२० एकर, शिवाय प्रवास आणि लाकडी घर. जमीन कुठली, तर लानो आणि कोलोराडो नद्यांच्या मधली, फिशर-मिलर ग्रँट नावाची, तीस लाखांहून जास्त एकर. ती संस्थेतल्या कोणी डोळ्यांनी बघितली नव्हती, आणि तिथे कोमांची, म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी, राहत होते, त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. न बघता प्लॉट बुक करणं ही काही आपल्याकडचीच खासियत नाही.

१८४४ च्या डिसेंबरात पहिली जहाजं आली. आणि मग १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं, आतल्या भागात न्यायला ठरवलेल्या बैलगाड्या जास्त भाडं देणाऱ्या अमेरिकन सैन्याकडे गेल्या, आणि हजारो माणसं किनाऱ्यावर तंबूत, चिखलात, खड्ड्यांत अडकली. रोगराई पसरली. काही तिथेच गेले, काही पायी न्यू ब्राउनफेल्सकडे निघाले आणि रस्त्यात गेले. एवढं वाचून मगच गाडीत बसा.

पहिला दिवस: न्यू ब्राउनफेल्स

ऑस्टिनहून आय-३५ ने खाली, तासाभराच्या आसपास, ट्रॅफिकची कृपा असेल तर. बहुतेक लोकांना हे गाव वॉटरपार्क आणि नदीत ट्यूबवर तरंगण्यासाठी माहितीये. सकाळी लवकर पोचा आणि आधी सोफीनबर्ग म्युझियम करा. हे टेकडीवर आहे आणि इथेच संस्थेचं ऑफिस होतं. संस्थेचा पहिला प्रतिनिधी प्रिन्स कार्ल झोल्म्स-ब्राउनफेल्स, याने मार्च १८४५ मध्ये गुड फ्रायडेला गाव वसवलं आणि टेकडीला आपल्या वाग्दत्त वधूचं, सोफीचं नाव दिलं. सोफी काही टेक्सासला आली नाही. प्रिन्ससाहेबही वर्षभरात परत गेले, आणि जाताना गॅल्व्हस्टनला घेणेकऱ्यांनी अडवून धरलं, शेवटी त्यांच्या जागी आलेल्या माणसाने पैसे भरून सोडवलं. हा जागी आलेला माणूस म्हणजे बॅरन फॉन मॉयझेबाख, याने टेक्सासात उतरताच पदवी टाकून दिली आणि साधा जॉन मॉयझेबाख झाला. दोन दिवसात एकच नाव लक्षात राहिलं तरी चालेल, ते हे.

पण प्रिन्सला अगदीच मोडीत काढू नका. ग्रँटची जमीन फार लांब आहे, लोक मधेच कुठेतरी थांबले पाहिजेत, हे त्याला कळलं आणि त्याने कोमल नदीच्या झऱ्यांजवळची १२६५ एकर जमीन ११११ डॉलरला घेतली. म्हणजे न्यू ब्राउनफेल्स हे मुळात मुक्कामाचं ठिकाण, लोक तिथेच राहून गेले. म्युझियमनंतर लांडा पार्कला जा, ते झरे तिथेच आहेत, पाणी इतकं स्वच्छ की तळातलं गवत दिसतं. इथे बसून डबा खाता येतो. ही जागा का निवडली हे म्युझियमपेक्षा इथे जास्त पटकन कळतं, विशेषतः ऑगस्टात.

मग लिंडहायमरचं घर. फर्डिनांड लिंडहायमर हा वनस्पतींचा अभ्यासक, टेक्सासच्या वनस्पतीशास्त्राचा जनक म्हणतात त्याला, आणि १८५२ पासून गावच्या जर्मन पेपरचा संपादक. हा पेपर १९५७ पर्यंत जर्मन भाषेत निघत होता, दोन महायुद्धं झाली तरी. घर छोटं आहे, आत जाता आलं नाही तरी भिंत नीट बघा: जाड लाकडाची चौकट, आडव्या-उभ्या-तिरक्या तुळया, आणि मधली जागा भरलेली. ही जर्मनीची बांधायची पद्धत. या भागात पुढे फिरताना असं दिसेल की चौकट जर्मन, भरलेला दगड टेक्सासचा पांढरट चुनखडक, आणि पुढचा ओटा-व्हरांडा इथल्या उन्हामुळे आलेला. दोन दिवस फक्त भिंती आणि व्हरांडे बघत फिरलात तरी ते लोक हळूहळू कसे बदलत गेले ते कळेल.

ग्रून डान्सहॉल (लिहितात तसं, म्हणतात ग्रीन) १८७८ चा, कापसाच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या वस्तीतला. वेळ असेल तर जा, संध्याकाळी गाणंबजावणं असतं. घाईत असाल तर सोडा.

दुपारी निघा, पण गूगल मॅप्स जो फास्ट रस्ता दाखवेल तो घेऊ नका. हायवे ४६ ने बर्नीला जा आणि तिथून १३७६ नंबरचा छोटा रस्ता पकडा, तो सिस्टरडेल, लुकेनबाखवरून फ्रेडरिक्सबर्गजवळ बाहेर पडतो. सिस्टरडेलमध्ये थांबण्यासारखं फार काही उरलं नाहीये, पण १८४७ ला वसलेल्या या दरीत विद्यापीठात शिकलेले, लॅटिन येणारे, १८४८ ची क्रांती फसल्यावर जर्मनीतून निसटलेले लोक येऊन शेती करत होते. बऱ्याच जणांना नांगर धरता येत नव्हता. त्याच सुमारास दार्मश्टाटकडच्या काही तरुणांनी लानो नदीवर बेटिना नावाची सामाईक वसाहत काढली होती, सगळं सगळ्यांचं, हुकूम कोणाचाच नाही. वर्षभरात बंद. प्रत्येकाला तत्त्वं माहीत होती, कामाला कोण जाणार यावर अडलं.

मुक्काम फ्रेडरिक्सबर्गला करा. वीकेंडला हॉटेलचे रेट डोक्याला ताप देतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑक्टोबरफेस्ट असतो तेव्हा तर विचारूच नका. मंडळाचा मोठा ग्रुप असेल तर कर्व्हिलला राहून सकाळी यायचं, स्वस्त पडतं.

दुसरा दिवस: फ्रेडरिक्सबर्ग, पण मेन स्ट्रीट शेवटी

सकाळी दुकानं उघडायच्या आत मार्क्टप्लाट्झ, म्हणजे गावचा चौक. तिथे ती आठ बाजूंची विचित्र इमारत दिसेल, फेराइन्सकिर्खे. मूळची १८४७ ची, गावातली पहिली सार्वजनिक इमारत, चर्च तीच, शाळा तीच, सभा तिथेच, हल्ला झाला तर लपायचं तिथेच. आकारावरून तिला लोक कॉफीची चक्की म्हणायचे. तेव्हा ती मेन स्ट्रीटच्या बरोब्बर मध्यावर होती, गावाला पन्नास वर्षं झाल्यावर पाडली, आणि आता बघताय ती १९३० च्या दशकातली प्रतिकृती, रस्त्याच्या बाजूला सरकवलेली. फोटो काढा पण खरी समजून काढू नका.

आता त्या कराराचं आठवा, कुटुंबाला ३२० एकर. मे १८४६ मध्ये पहिल्या तुकडीचे सुमारे १२० लोक न्यू ब्राउनफेल्सहून सोळा दिवस चालत इथे आले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला आलं गावात एक प्लॉट आणि गावाबाहेर १० एकर. उरलेली जमीन त्या ग्रँटमध्ये, जिथे अजून पाय ठेवता येत नव्हता.

मॉयझेबाखने मग जे केलं ते या सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. १८४७ च्या सुरुवातीला तो थोडी माणसं घेऊन थेट कोमांचींच्या मुलखात, सान साबा नदीवर गेला आणि त्यांच्या प्रमुखांशी बोलला, बफेलो हम्प, सांता ॲना, ओल्ड आउल. लाल दाढीमुळे कोमांची त्याला लाल सूर्य म्हणायचे. तह मे महिन्यात फ्रेडरिक्सबर्गला झाला: जर्मन लोक तिकडे मोजणी करून राहू शकतील, कोमांची वस्तीत येऊ-जाऊ शकतील, बदल्यात ३००० डॉलरच्या भेटवस्तू. हा तह मोडला गेला नाही असं तिथे अभिमानाने सांगतात, आणि चौकात त्याचं शिल्पही आहे. अभिमान रास्त आहे, सरकारी तहांची तेव्हा जी गत व्हायची ती बघता. पण पुढची तीस वर्षं बघा, कोमांची त्यांच्याच जमिनीवर उरले नाहीत, आणि शिल्पाजवळ उभं राहून हे कोणी सांगत नाही. मुलं बरोबर असतील तर तुम्ही सांगा.

संस्था स्वतः त्याच वर्षी, १८४७ ला, दिवाळखोरीत गेली. तोपर्यंत सात हजारांवर माणसं येऊन पडली होती. ती आपली आपण जगली.

कशी जगली हे पायोनियर म्युझियममध्ये बघा. मेन स्ट्रीटवरच आहे, आतल्या आवारात खरी जुनी घरं आहेत. कामला कुटुंबाचं घर १८४० च्या दशकातलं, एका खोलीने सुरू झालेलं आणि पैसा येत गेला तसं मागे वाढत गेलेलं. एकेक खोली पार करत मागे जा, प्रत्येक खोलीत भिंतीचा प्रकार वेगळा दिसेल. आणि वेबर संडे हाउस. हे संडे हाउस प्रकरण मला भयंकर आवडतं. शेतं गावापासून लांब, घोडागाडीने यायला वेळ लागायचा, म्हणून शेतकरी कुटुंबं गावात एक इवलंसं घर बांधायची, फक्त शनिवार-रविवारसाठी: शनिवारी बाजार, रविवारी चर्च, मग परत. खाली एक खोली, वर माळा, आणि माळ्यावर जायचा जिना घराच्या बाहेरून, म्हणजे आतली जागा जात नाही. गावात फिरताना बाहेरून जिना असलेलं छोटं घर दिसलं की समजा. आता त्यातली काही बीएनबी आहेत आणि एका रात्रीला जे भाडं घेतात ते ऐकून तो शेतकरी माळ्यावरून खाली पडला असता.

मग स्मशानात जा. हो, सिरियसली. आई-बाबांना नको वाटलं तर त्यांना मेरी चर्चजवळ सावलीत बसवा. गावच्या जुन्या दफनभूमीत दगडांवर जर्मन मजकूर आहे, टोकदार जुन्या लिपीत, पण कळायला भाषा यायची गरज नाही. नावाखाली 'गेब.' म्हणजे जन्म, 'गेस्ट.' म्हणजे मृत्यू. बाईच्या नावानंतर लगेच 'गेब.' आणि पुढे दुसरं आडनाव असेल तर ते माहेरचं. मग गावाचं नाव कोरलंय का बघा, पुष्कळदा जन्मगाव असतं. जुन्या भागाकडून नव्याकडे चालत जा: आधी सगळं जर्मन, मग नाव जर्मन आणि तारखेचा महिना इंग्रजी, मग पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी वाढत जातं. १९१८ मध्ये टेक्सासात सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवायचं असा कायदा आला, जर्मन बोलणारे संशयाने बघितले जायला लागले आणि आईबापांनी पोरांशी जर्मन बोलणं कमी केलं. तरी बोली टिकली, आता म्हातारी माणसंच बोलतात, आणि ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये हान्स बोआस यांनी २००१ पासून त्यांची रेकॉर्डिंग जमा केलीत. ऑनलाइन ऐकता येतात. येताना गाडीत लावा, आपल्या पोरांचं मराठी आठवून मागच्या सीटवरून आजी काय ते बोलेलच.

पॅसिफिक वॉर म्युझियम मोठं आहे आणि चांगलं आहे, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अमेरिकन नौदल सांभाळणारा ॲडमिरल निमित्झ याच गावचा, १८८५ चा जन्म, आजोबांचं हॉटेल आता त्या म्युझियमचा भाग आहे. पण त्यात शिरलात की अर्धा दिवस गेला. ते वेगळ्या ट्रिपला ठेवा.

कम्फर्ट, चुकवू नका

फ्रेडरिक्सबर्गहून खाली अर्ध्या तासावर. १८५४ ला वसलेलं गाव, इथले बरेच लोक मुक्त विचाराचे, चर्च न मानणारे, सुरुवातीची कित्येक वर्षं गावात चर्चच नव्हतं. हायस्कूलजवळ एक साधा चुनखडकाचा स्तंभ आहे, ट्रॉये डेर युनियन, युनियनशी, म्हणजे अखंड अमेरिकेशी निष्ठा. १८६१ मध्ये टेक्सास अमेरिकेतून फुटून गुलामगिरीवाल्या दक्षिणेत गेलं तेव्हा या भागातल्या अनेक जर्मनांनी साथ द्यायला नकार दिला. १८६२ च्या ऑगस्टमध्ये एक टोळी मेक्सिकोकडे निघाली, १० ऑगस्टला न्यूएसेस नदीजवळ दक्षिणेच्या सैनिकांनी त्यांना गाठून मारलं, जखमी होऊन हाती लागलेल्यांनाही सोडलं नाही. हाडं तिथेच पडून होती, यादवी युद्ध संपल्यावर गावकऱ्यांनी जाऊन गोळा करून आणली आणि इथे पुरली. स्तंभ १८६६ चा. नावं वाचा, एकाच घरातले भाऊ सापडतील. झेंडा अर्ध्यावर असतो आणि त्यावर तारे छत्तीस.

इथे एक सावधान. यावरून "जर्मन सगळे गुलामगिरीविरोधी होते" असं लगेच ठरवू नका, टूरवाले तसं बोलतात. फ्रेडरिक्सबर्गच्या गिलेस्पी काउंटीने फुटीच्या विरोधात भरभरून मत दिलं, पण न्यू ब्राउनफेल्सच्या कोमल काउंटीने फुटीच्या बाजूने. आणि त्या सरदारांच्या संस्थेने १८४३ मध्येच फायेट काउंटीत नासाऊ नावाचा मळा घेतला होता, त्यावर गुलाम राबत होते. दोन्ही खरं आहे.

परतीला ऑस्टिनला जायचं असेल तर हायवे २९० वर स्टोनवॉलला साउअर-बेकमन फार्म आहे, लिंडन जॉन्सन स्टेट पार्कात. तिथली माणसं १९१५ ते १९१८ च्या सुमाराच्या जर्मन शेतकरी कुटुंबासारखी खरोखर कामं करतात, गायी दोहणं, चीज, चुलीवर स्वयंपाक. लहान मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं, आणि खेडं बघितलेल्या आजी-आजोबांना पण, ते लगेच सूचना द्यायला लागतात. कम्फर्ट आणि फार्म दोन्ही एका दुपारी जमेलच असं नाही, मुलं दहाच्या आतली असतील तर फार्म, नाहीतर कम्फर्ट. वेळा दोन्हीकडच्या आणि म्युझियमच्या आधी साइटवर बघून घ्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी काही बंद असतं.

ह्यूस्टनवाल्यांनी उलटा विचार करा. आय-१० वर शुलेनबर्ग लागतं, त्याच्याजवळ हाय हिलचं सेंट मेरी चर्च, १९०६ चं. बाहेरून लाल विटांचं, आत गेलात की छत, खांब, भिंती सगळं रंगवलेलं. आजूबाजूची चेक लोकांची रंगीत चर्चेस पण बघण्यासारखी आहेत. अर्न्स्टचं इंडस्ट्री गावही त्याच बाजूला.

खाण्याचं. सॉसेज, श्नित्झेल सगळीकडे मिळतं, खाणाऱ्यांनी परतताना वाट वाकडी करून लॉकहार्टला क्रॉइट्झ मार्केटला जावं, १९०० मध्ये खाटकाचं दुकान म्हणून सुरू झालेलं, मांस अजून कागदावरच वाढतात. शाकाहारी असाल तर ऐका: जर्मन पोटॅटो सॅलडमध्ये बहुतेक वेळा बेकन असतं, लाल कोबीच्या भाजीतही असू शकतं, नुसतं "व्हेज आहे ना" विचारू नका, बेकन आहे का असं स्पष्ट विचारा. बटाट्याची पॅनकेक्स, प्रेट्झेल-मोहरी आणि ॲपल श्ट्रूडलवर दोन दिवस निघतात. संकष्टी असेल तर थर्मास आणि साबुदाण्याची खिचडी घरून न्या, पीचेस मे ते ऑगस्ट रस्त्याकडेला मिळतात.

आणि संध्याकाळी अंधार पडताना २९० सोडून आतल्या रस्त्यांवर गाडी हळू चालवा, हरणं अचानक आडवी येतात.